उडी मारायची, पण कुठून?

भाच्याची बारावीची परीक्षा संपली. त्याने ना नवा मोबाइल मागितला, ना मोटारसायकल. "मला बंजी जंपिंग करायचंय," एवढेच म्हणाला. ताईने हे मला फोनवर सांगितले तेव्हा तिचा आवाज असा होता, जणू मुलगा भगवी वस्त्रे घालून हिमालयात निघाला आहे. "तू ये बाई इकडे. तुझं तो ऐकतो," असे म्हणून तिने फोन ठेवला.

भावोजींच्या बदलीमुळे ताई गेली सहा वर्षे चेन्नईत, अड्यारला राहते. एप्रिलअखेरच्या एका दुपारी मी घामाघूम होऊन तिच्या दारात उभी राहिले, तेव्हा भाच्याने माझ्या हातातली बॅग घेण्याआधी एक रंगीत पत्रक माझ्या हाती दिले. शहराबाहेर, ईस्ट कोस्ट रोडवरच्या एका मैदानात दोन दिवसांचा मेळा भरणार होता. खाद्यपदार्थ, गाणी आणि क्रेनवरून बंजी. फोटो मोफत.

"उद्याच बघून येऊ या," मी म्हणाले. ताईने माझ्याकडे असे पाहिले, की मी तिच्या पक्षातून फुटलेच. पण अठरा वर्षांच्या मुलाला नुसते 'नको' म्हटले, की तो मित्रांबरोबर गुपचूप जातो, हे मला ठाऊक होते. त्यापेक्षा आपण बरोबर जावे आणि डोळे उघडे ठेवावेत हे बरे.

पाय बांधून उंचावरून झोकून देण्याची ही कल्पना मूळची पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू देशाची. तिथल्या पेंटेकोस्ट बेटावरचे पुरुष लाकडी मनोरा उभारतात आणि घोट्यांना वेली बांधून खाली उडी घेतात. सुरण-कोनफळासारख्या कंदांचे पीक येते, त्या सुमाराचा हा विधी. वेल ताणली जात नाही, त्यामुळे तिची लांबी हातभर जरी चुकली तरी संपले. १९७९ च्या एप्रिलमध्ये ऑक्सफर्डच्या काही धाडसी तरुणांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून रबरी दोर बांधून उड्या मारल्या आणि या प्रकाराचे आधुनिक रूप जन्माला आले. न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेटने १९८७ मध्ये थेट आयफेल टॉवरवरून उडी घेतली आणि पुढच्याच वर्षी आपल्या देशात क्वीन्सटाउनजवळच्या कवाराऊ पुलावर, ४३ मीटर उंचीवर, पैसे घेऊन लोकांना उड्या मारायला लावण्याचा धंदा सुरू केला. तो अजून चालू आहे.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. कुठे दरी आहे, कुठे पूल, कुठे पक्का मनोरा. चेन्नईत यातले काय आहे?

शहर इतके सपाट आहे, की इंग्रजांनी भारताच्या जमिनीची मोजणी करायची ठरवली तेव्हा लॅम्बटन साहेबाने १८०२ मध्ये पहिली आधाररेषा आखली ती इथेच, सेंट थॉमस माउंटच्या परिसरात. साडेसात मैल सरळ साखळी टाकायला अशी जमीन हवीच. तो माउंट म्हणजे तीनशे फुटांची टेकडी. आपल्या पर्वतीची बहीण म्हणा. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला या शहरात पहिले काही दिवस नजर टेकवायला डोंगर सापडत नाही. तेव्हा इथे बंजी म्हटले, की बहुधा क्रेन भाड्याने आणायची आणि पिंजऱ्यातून माणसाला वर न्यायचे, हाच मार्ग उरतो.

क्रेनवरची प्रत्येक उडी वाईटच असते असे मी म्हणत नाही. परदेशात माणसे उचलण्यासाठी खास बनवलेल्या क्रेनवरून रीतसर उड्या होतात. पण दरीवरचा कायमचा ओटा रोज तोच असतो, त्याची रोज पाहणी होते. मेळ्यातली क्रेन काल कुठे होती, कुणाच्या इमारतीचे गर्डर उचलत होती, कोण सांगणार? २००९ मध्ये बंगळूरला अशाच क्रेनवरच्या उडीत एक तरुण दगावला. ही बातमी मला आठवत होती. भाच्याला मी ती गाडीत बसल्यावर सांगितली.

मैदानात

मेळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. समुद्र जवळच, वारा भन्नाट. क्रेन उभी होती, तिच्या पायांखाली फळ्या आणि फळ्यांखाली वाळू. बाजूला ताडपत्रीवर दोर वेटोळे करून टाकलेला, उन्हात.

बंजीचा दोर हा एकसंध नसतो. शेकडो बारीक रबरी धाग्यांची ती जुडी असते. उडी घेणाऱ्याच्या वजनानुसार कमी-अधिक जाडीचा दोर निवडायचा असतो. हलक्या माणसाला जाड दोर लावला तर हिसका बसतो, जड माणसाला बारीक लावला तर तो नको तितका खाली जातो. म्हणून चांगल्या ठिकाणी वजन एकदा नव्हे, दोनदा करतात आणि हातावर ठळक अक्षरात लिहितात. वजन साधारण ३५-४० किलोंपेक्षा कमी किंवा ११० च्या वर असेल, तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. शिवाय ऊन आणि हवा रबराला खातात. म्हणून प्रत्येक दोराची वही असते: केव्हा बनला, किती उड्या झाल्या. ठरलेला आकडा गाठला, की दोर चांगला दिसत असला तरी बाद.

मी तिथल्या माणसाला विचारले, "दोराची नोंदवही आहे का?"

"नो प्रॉब्लेम मॅडम."

"वजनकाटा?"

"उद्या येईल."

"घोट्याचा पट्टा सुटला तर दुसरी दोरी कुठे बांधता? कमरेला की छातीला?"

त्याने मान डोलावली. इथली ती गोड मान, जिचा अर्थ हो की नाही हे मला सहा खेपांनंतरही कळलेले नाही. मग म्हणाला, "मॅडम, डोन्ट वरी, सर्व कॉलेजची मुले उडी मारतात."

भाचा काही बोलला नाही. तो वाळूत रुतलेल्या फळीकडे बघत होता. पायाने त्याने ती जरा ढकलून पाहिली आणि ती हलली. परतीच्या वाटेवर तोच म्हणाला, "मावशी, इथं नको."

वाटले, झाले, जिंकले. कसले काय! घरी पोचेपर्यंत त्याने मोबाइलवर गोवा आणि हृषीकेश दोन्ही शोधून ठेवले होते.

आणि त्याचा शोध चुकीचा नव्हता. आपल्या देशात खरोखर उडी घ्यायची तर कायमस्वरूपी ठिकाणेच बघावीत. हृषीकेशजवळ मोहनचट्टी येथे २०१० पासून दरीवर ८३ मीटर उंचीचा पक्का ओटा आहे. गोव्यात डिचोलीजवळ मये तलावावर २०१९ मध्ये गोवा पर्यटनाच्या सहकार्याने ५५ मीटरचा मनोरा उभा राहिला. मराठी कुटुंबाला तो सर्वांत सोयीचा, कारण ज्यांना उडी मारायची नाही त्यांनी तलावाकाठी बसून भजी खावीत. लोणावळ्याच्या साहस उद्यानातही उडी घेता येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने सर्वांत उंच जागा निवडू नये, असे माझे मत. मकाऊच्या मनोऱ्यावरून २३३ मीटर उडी आहे म्हणून आपल्या उडीला कमीपणा येत नाही. पोटात गोळा यायला पन्नास मीटर पुरतात.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१८ मध्ये साहसी खेळांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. तरी कागद कागदाच्या जागी. जाल तिथे अर्धा तास नुसते उभे राहून दुसऱ्यांच्या उड्या पाहाव्यात. दोर बांधणारा एक आणि तपासणारा दुसरा आहे का, दोघे आपसात गप्पा मारत बांधत आहेत की मोठ्याने एकेक कडी मोजत, हे पाहिले की पुष्कळ कळते.

भाच्याने मेच्या सुट्टीत गोव्याला जायचे पक्के केले. मी बरोबर जाणार, ताई देव पाण्यात घालून बसणार. रात्री जेवणानंतर तो आणि मी आरोग्याचा फॉर्म भरायला बसलो. रक्तदाब? नाही. हृदयविकार? नाही. पाठीचे, मानेचे दुखणे? नाही. फिट्स? नाही. डोळ्यांचा विकार? त्याने भराभर 'नाही'वर खूण केली. आणि लिहिताना घसरलेला चष्मा बोटाने वर ढकलला.

त्या चष्म्याची भिंगे सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी आहेत. उणे आठ. तिसरीत असल्यापासून चष्मा त्याच्या नाकावर, त्यामुळे आम्हाला कुणालाच तो आजार वाटत नव्हता. नाक-कानासारखा तोही चेहऱ्याचाच भाग झालेला.

"हा विकार नाही का रे?"

"मावशी, चष्मा सगळ्यांनाच असतो."

डोळ्यांच्या बाबतीत चेन्नईइतके सोयीचे शहर सापडायचे नाही. डॉ. बद्रीनाथ यांनी १९७८ मध्ये इथे शंकर नेत्रालय सुरू केले, तेव्हापासून देशभरातून माणसे डोळे दाखवायला या शहरात येतात. आम्ही घराजवळच्याच एका नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेलो. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, तासभर बसवून ठेवले, मग बाईंनी कपाळावर दिवा लावून बराच वेळ आत पाहिले. एका डोळ्यात जरा जास्तच वेळ.

मोठा उणे नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा लांबट झालेला, असे त्यांनी फुगा ताणून दाखवावा तसे बोटांनी दाखवले. गोळा ताणला, की आतला पडदाही ताणून पातळ होतो. बंजीत दोर पूर्ण ताणला जातो त्या क्षणी माणूस उलटा असतो, रक्त डोक्याकडे लोटते आणि डोळ्यातल्या बारीक वाहिन्यांवर एकाएकी दाब येतो. निरोगी डोळ्यातही कधी कधी पडद्यावर रक्तस्राव होतो. वैद्यकीय नियतकालिकांत १९९० च्या दशकापासून अशा नोंदी आहेत. बहुतेकांचे डोळे सुधारतात. पण भाच्याच्या उजव्या डोळ्यात कडेला पडदा जाळीसारखा विरळ झाला होता.

"तुम्ही उडी मारू नये," बाई त्याला म्हणाल्या. आईला नाही, मला नाही, त्याला. "कदाचित काहीच होणार नाही. पण झालं तर पडदा सुटेल. मी तुमच्या जागी असते तर मारली नसती."

"कमरेला पट्टा बांधून, सरळ उडी मारली तर?" त्याने विचारले. तशीही सोय असते, आणि पाठीला वा डोक्याला त्रास असलेल्यांसाठी कधी कधी ती सुचवतात. बाईंनी मान हलवली. हिसका तो हिसकाच. दर सहा महिन्यांनी पडदा तपासायचा, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे झाले किंवा काळे ठिपके वाढले तर त्याच दिवशी यायचे, असे बजावले.

रिक्षात तो अवाक्षर बोलला नाही. बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे ऊन सहन होत नव्हते. माझी ओढणी डोळ्यांवर घेऊन बसला होता. ओढणीखाली रडत होता की नाही, मी पाहिले नाही.

कोवलमचा किनारा

दोन दिवसांनी बाईंना फोन करून मी विचारले, समुद्रात खेळलेला चालेल का? चालेल म्हणाल्या, फक्त फळी डोळ्यावर आदळू देऊ नका, पडताना हातांनी डोके झाकायला शिकवा.

चेन्नईचे खरे साहस दरीत नाही, पाण्यात आहे, हे इतक्या वर्षांत आमच्या लक्षातच आले नव्हते. अर्थात मरीना बीचवर नव्हे. मरीना फिरायला, सुंडल खायला आणि वारा प्यायला. तिथला समुद्र आत खेचतो, दरवर्षी माणसे बुडतात. तिथे घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये. पण ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेकडे निघालात, की सुमारे ३६ किलोमीटरवर मुट्टुकाडूची खाडी लागते. तिथे पर्यटन महामंडळाच्या होड्या आहेत, पाणी संथ आहे, आजी-आजोबांनाही नेता येते. पूल ओलांडून थोडे पुढे गेले, की कोवलम. हे तमिळनाडूचे कोवलम, केरळचे नव्हे. २०२१ मध्ये त्याला स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्याचे 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले. याच गावातल्या मूर्ती मेगवन या मच्छीमार तरुणाने स्वतःच धडपडत सर्फिंग शिकून घेतले आणि पुढे गावातल्या पोरांना शिकवले. इथल्या सर्फ महोत्सवाला क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्सही येऊन गेला आहे. ज्या कोळीवाड्यांनी २००४ ची त्सुनामी पाहिली, तिथली मुले आज पाहुण्यांना लाटेवर उभे राहायला शिकवतात.

कुटुंबाने जायचे तर जानेवारी ते मार्च उत्तम. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहालाच पाण्यात उतरावे, नऊनंतर ऊन भाजते. ऑक्टोबर ते डिसेंबर इथला मुख्य पावसाळा, वादळे येतात, तेव्हा नकोच. पोहता येते का, हे शिक्षक आधी विचारत नसेल तर दुसरीकडे जावे.

आमच्या शिक्षकाने विचारले. भाच्याचे वय, वजन, डोळ्यांचे सगळे त्याने ऐकून घेतले आणि कडक फळी बाजूला ठेवून मऊ फोमची काढली. वाळूवर अर्धा तास नुसते पालथे पडणे, उठणे, हात डोक्यावर घेऊन पडणे. "मेदुवा, तंबी, मेदुवा." हळू, बाळा, हळू. मग कमरेएवढ्या पाण्यात. ताई छत्री घेऊन किनाऱ्यावर, ओठ मिटून. भावोजी कॉफी आणायला गेले ते आलेच नाहीत.

भाचा अकरा वेळा पडला, मी मोजले. बाराव्या खेपेला शिक्षकाने फळी ढकलली, मागून पांढरी लाट आली आणि तो उठला. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, चष्मा माझ्या मुठीत. एक, दोन, तीन, चार. मग धबकन पाण्यात.

तोंडातले खारे पाणी थुंकत, चाचपडत तो आमच्याकडे आला. त्याला आम्ही नुसते रंगांचे ठिपके दिसत असणार, कारण तो ताईच्या छत्रीशी बोलत होता.

"मावशी, मी उभा होतो ना? मला काहीच दिसलं नाही!"

"चार सेकंद," मी म्हणाले आणि चष्मा पुढे केला.

"राहू दे," म्हणाला आणि फळी काखोटीला मारून पुन्हा पाण्याकडे वळला.