पाटणकर बाजारातील एका घराचे अंदाजपत्रक

लष्करच्या बाजूस प्रथमच निघालेला महाराष्ट्रीय पाहुणा वाटेतील पाट्या वाचू लागला की थोडा गोंधळतो. फाळके बाजार, शिंद्यांची छावणी, चिटणिसांची गोठ, आपट्यांची पायगा आणि महाराजबाड्यापासून पायी चालत जाण्याच्या अंतरावरचा आमचा पाटणकर बाजार. नावे सारी सातारा-पुण्याकडची. दुकानांतून कानी पडते ती मात्र ब्रज-बुंदेलीच्या वळणाची हिंदी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस तळ ठोकला, तेव्हा हे गाव म्हणजे केवळ सैन्याची छावणी होती, म्हणून नाव लष्कर. तंबूंच्या जागी घरे उभी राहिली, घरांचे वाडे झाले, आणि 'वाडा' या शब्दाला इथल्या मातीत 'बाडा' असे रूप आले. आम्हीही आता घरात वाडा म्हणतो आणि रिक्षावाल्याला बाडा सांगतो.

पाटणकर बाजारातील जुने घर बाहेरून ग्वाल्हेरचे आणि आतून पुण्याचे असते. रस्त्याकडची भिंत वालुकाश्माची, तिच्यात कोरीव झरोके, वर दगडी छज्जा, त्याला आधार देणारे नक्षीदार तोडे, आणि जाळी अशी की आतून सारा बाजार दिसावा, बाजारातून आतले माणूस दिसू नये. दिंडी ओलांडली की चौक, ओसरी, माजघर, देवघर, तुळशीवृंदावन. छप्परावर मात्र पुणेरी कौल नाही. इथे लांब दगडी फरशा तुळयांवर किंवा लोखंडी गर्डरांवर टाकून छत करतात. तिला 'पटिया' म्हणतात. जेष्ठातल्या दुपारी पारा पंचेचाळिसावर चढतो, तेव्हा दोन हात जाडीच्या भिंतीचे मोल कळते.

आमच्या घराचा मागचा भाग दोन पावसाळ्यांपूर्वी खचला. चौकाच्या एका अंगाची पटिया खाली आली. रात्रीची वेळ होती आणि त्या अंगाला कोणी झोपलेले नव्हते, एवढी देवाची कृपा. दादा म्हणाले, "आता बांधलेच पाहिजे." धाकटा भाऊ इंदूरला असतो, तो म्हणाला, "बांधायचे तर सगळेच पाडून बांधू. खाली चार दुकाने निघतील." शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी प्रत्येकाने घर पाहावे बांधून ही म्हण ऐकवली. पुढची म्हण कोणी ऐकवली नाही, कारण आमच्या घरातील लग्ने उरकलेली आहेत.

त्याच दिवसांत अमेरिकेतील भाच्याचा फोन आला. तोही घर बांधायला निघाला होता, आणि तेही म्हणे 'क्राफ्ट्समन' पद्धतीचे. "मामा, तुमच्याकडे चौरस फुटाला काय पडते?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी उलट विचारले, की बाबा रे, हे क्राफ्ट्समन म्हणजे काय? त्याने चित्रे पाठविली. बसक्या उताराचे छप्पर, बरेच बाहेर आलेले वळचणीचे पाखे, पाख्याखाली मुद्दाम उघडी ठेवलेली वाशांची टोके, पुढे रुंद ओसरी, तिला खाली रुंद व वर निमुळते होत गेलेले चार खांब, आणि भिंतीतच बसविलेली लाकडी कपाटे. मी म्हटले, "ही तर ओसरी!" तो हसला. हसण्याजोगे त्यात फारसे नाही, कारण त्या लोकांचा 'बंगलो' हा शब्दच मुळी बंगालच्या बांगला घरावरून गेलेला आहे.

नंतर मी थोडे वाचून काढले. गुस्टाव्ह स्टिकली नावाचा एक फर्निचरवाला १९०१ ते १९१६ या काळात 'द क्राफ्ट्समन' नावाचे मासिक चालवीत असे आणि त्यातून वाचकांना घरांचे नकाशे पुरवीत असे. यंत्राच्या स्वस्त नकलेपेक्षा हाताचे साधे काम बरे, ही त्याची शिकवण. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे ग्रीन बंधूंनी १९०८ मध्ये बांधलेले गॅम्बल यांचे घर हा या पद्धतीचा नमुना समजला जातो. स्टिकलीच्या धंद्याचे १९१५ मध्ये दिवाळे निघाले. आपल्या संपादकांनी घरांचे नकाशे छापण्याच्या मोहात पडू नये. ही विचारसरणी अमेरिकेत गेली ती इंग्लंडातून, रस्किन आणि मॉरिस यांच्याकडून. यातील रस्किनसाहेबांनी १८५८ मध्ये, बंडानंतरच्या रागात, हिंदुस्थानी नक्षीकामावर भर व्याख्यानात झोड उठविली होती. उलट बेळगावात १८३२ मध्ये जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात इथल्या हातकामाची मनापासून स्तुती केली.

आणि या कथेत आमचे ग्वाल्हेरही आहे. मेजर कीथ नावाचे एक अधिकारी १८८० नंतरच्या वर्षांत किल्ल्यावरील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर होते. इथल्या पाथरवटांच्या हाताला काम उरलेले नाही हे पाहून त्यांनी या लोकांकडून एक भव्य कोरीव दरवाजा करवून घेतला. तो १८८३ च्या कलकत्त्याच्या प्रदर्शनात मांडला गेला, जयाजीराव महाराजांनी तो लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयास भेट दिला आणि १८८६ च्या लंडनमधील प्रदर्शनातही तो उभा राहिला. त्या संग्रहालयाचे आजचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. ज्यांनी तो दरवाजा घडविला त्यांच्याच पेठेतील हातांनी सराफ्यातल्या आणि आमच्या बाजारातल्या घरांचे झरोके कोरले असावेत, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता हिशेबाकडे वळतो, कारण भाच्याचा प्रश्न हिशेबाचाच होता.

मागचा भाग दोन मजल्यांचा मिळून १४०० चौरस फूट. पहिल्या ठेकेदाराने फुटाला पंधराशेचा दर दिला, म्हणजे २१ लाख. धाकट्याला तो फार आवडला. मी शाळामास्तर, मला गुणाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. काँक्रीटच्या साध्या घराला चौरस फुटामागे सुमारे ०.४ पोते सिमेंट आणि चार किलोपर्यंत सळई लागते, हा मिस्त्रीलोकांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ५६० पोती आणि ५६०० किलो सळई हवी. गृहस्थांच्या कागदावर पोती ४२०. उरलेली १४० पोती कोठून येणार, असे विचारताच ते म्हणाले, "गुरुजी, वो बाद में देख लेंगे." बाद में म्हणजे छत अर्धे पडलेले असताना, आणि तेव्हा मालकाला हो म्हणण्यावाचून गती नसते. दुसऱ्याने अठराशेचा दर दिला आणि जिन्नसवार यादी दिली. त्याला काम दिले: २५ लाख २० हजार.

पण फुटाच्या दरात जे येत नाही तेच माणसाला बुडविते. जुने पाडणे आणि मलबा वाहून नेणे, नकाशाची व परवानगीची फी, जमिनीखालची पाण्याची टाकी, विजेची जोडणी. शिवाय आमच्या गल्लीत मोठी गाडी शिरत नाही, त्यामुळे वाळू, गिट्टी, विटा सारे नाक्यावर उतरवून हातगाडीने आणायचे. याचे ४ लाख ८० हजार. एकूण ३० लाखांवर दहा टक्के अडीअडचणीसाठी, ते ३ लाख. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हे ज्यांना आता बांधायचे आहे त्यांच्या पथ्यावर पडेल. म्हणून कोणी दहा टक्क्यांची शिल्लक खर्चात धरू नये.

राहिली पुढची भिंत. तीन झरोक्यांपैकी मधला रस्त्याकडे कलला होता. आमच्याच वडिलांनी पूर्वी एकदा त्याच्या सांध्यांत सिमेंट भरले होते. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वयोवृद्ध संगतराशाला मी बोलावून आणले. त्याने दगडावर नख ओढले, पापुद्रा निघाला. वालुकाश्मात मुरलेले पाणी चुन्याच्या सांध्यातून निघून जाते. सिमेंट त्याला वाट देत नाही, मग ते दगडाच्याच अंगातून क्षार घेऊन बाहेर येते आणि दगड सोलत जातो, असे त्याने त्याच्या भाषेत समजाविले. दगड खाणीत जसा थरावर थर आडवा असतो, तसाच तो भिंतीत आडवा बसवावा लागतो; उभा बसविला की थर सुटतात. हे सांगताना त्याने माझ्याकडे असे पाहिले, की क्षणभर मी बाकावर उभा केलेला विद्यार्थी झालो.

झरोका उतरवून, सोललेले दगड नवे घडवून, चुन्यात पुन्हा बसविण्याचा त्याचा आकडा ६ लाख ४० हजार. त्यात मजुरी ४ लाख १० हजार, दगड आणि चुना १ लाख ३० हजार, परांची व टेकू १ लाख. मागच्या बांधकामात मजुरीचा वाटा सुमारे एक तृतीयांश, इथे जवळजवळ दोन तृतीयांश. भाच्याला हे कळविले, तर तो म्हणाला, "मामा, माझेही अगदी तसेच आहे. लाकूड परवडते, सुतार परवडत नाही." त्याच्याकडे सुताराचे तास मोजतात. यंत्राने कापलेली जाळी इथेही निम्म्या दामात मिळते. मी नमुना पाहून आलो. कडा न् कडा सारखी. ती वाईट होती असे मला म्हणवत नाही. आमच्या घराची नव्हती, इतकेच.

माझ्याजवळ आजोबांची एक वही आहे, मोडीत लिहिलेली, संवत १९६२ ची, म्हणजे इसवी सन १९०५-०६. घर बांधले तेव्हाचा जमाखर्च. एम. ए. ला असताना मोडी शिकलो त्याचे इतके चीज दुसऱ्या कशाने झाले नाही. चुन्याच्या घाणीसाठी गूळ, बेलफळे आणि उडीद यांचा खर्च त्यात आहे. पाथरवटांची मजुरी आहे आणि तिच्याखाली दर आठवड्याला शिधा: कणीक, डाळ, तूप. झरोका बसला त्या दिवशी मुख्य कारागिराला पागोटे दिल्याची नोंद आहे. आमच्या नव्या अंदाजपत्रकात पागोट्याला रकाना नाही.

एकूण झाले ३९ लाख ४० हजार. माझ्या भविष्य निर्वाह निधीतून १३ लाख, दादांचे ९, धाकट्याचे ५, बँकेचे कर्ज ८. बेरीज ३५ लाख. कर्ज आठाच्या वर जाईना, कारण बासष्टाव्या वर्षी मी निवृत्त होणार आणि तोवरच हप्ते फेडायचे. खाली ४ लाख ४० हजारांचा खड्डा. नव्या फरशीऐवजी चौकातली जुनी दगडी फरशी घासून घेतली, खोटे छत गाळले, वरचे न्हाणीघर पुढे ढकलले, माडीवरची एक खोली गिलाव्यावाचून ठेवली. २ लाख ६० हजार वाचले. उरले १ लाख ८० हजार.

धाकटा म्हणाला, "एक झरोका विकू. दोन पुष्कळ झाले." जुन्या वस्तूंचे व्यापारी गल्लीत फिरत असतातच. दादा त्या दिवशी जेवले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनीच तोडगा काढला: झरोके राहू देत, चौकाचे खांब द्या. मागचा भाग पाडायचाच होता, काँक्रीटच्या घरात त्या चार सागवानी खांबांना काम उरले नव्हते. व्यापाऱ्याने १ लाख ७५ हजार मोजून दिले आणि संध्याकाळी हातगाडीवर चटया गुंडाळून खांब नेले. वहिनींनी जाताना त्यांना हळदकुंकू लावले. वरचे पाच हजार कोठून आले ते लिहिण्याजोगे नाही.

झरोका उतरविला तेव्हा त्याचे ४३ दगड निघाले. संगतराशाच्या नातवाने गेरूने प्रत्येकावर आकडे घातले आणि मी वहीत त्यांची जागा लिहून घेतली. बसविताना २७ नंबरचा सापडेना. तो दादांच्या खाटेखाली निघाला, पाय उंच करण्यासाठी कोणी तरी घातलेला. माघात झरोका जागेवर बसला. धाकटा इंदूरहून आला होता. त्याने कोणाला न विचारता म्हाताऱ्याच्या हातात एक पागोट्याचे कापड ठेवले.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. त्याच्या ओसरीचे चार खांब आता करायचे आहेत. "मामा, आपल्या चौकातले खांब आठवतात का? मी त्यांना धरून गोल गोल फिरायचो. त्यांचा एक फोटो आणि मापे पाठवा ना, सुताराला दाखवायची आहेत."

खांब कोठे आहेत हे मी त्याला सांगितले नाही. त्यांचे दगडी तळखडे मात्र व्यापाऱ्याने नेले नव्हते. वजनाला जड म्हणून तुळशीपाशी ठेवून दिले आहेत. संध्याकाळी कंदिलासारखा मिणमिणणारा फोनचा दिवा धरून वहिनी उभ्या राहिल्या आणि मी टेप लावून खांबाची बैठक मोजली. चारी बाजूंनी सव्वा नऊ इंच. तेवढे माप त्याला कळविले आहे.