चार तासांवरचा फ्रेंच मुलूख

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने फ्रेंच बोलणाऱ्या प्रदेशात सुट्टी घालवायचं ठरवलं, की पैशांच्या आधी पासपोर्ट आडवा येतो. पॅरिसला जायचं तर शेंगेन व्हिसा. नकाशावर मार्टिनिक आणि ग्वादलूप किती जवळ दिसतात, पण ती बेटं म्हणजे फ्रान्सच, तिथेही भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागतोच. क्यूबेकसाठी कॅनडाचा. शिवाय एच-वन-बीचं स्टॅम्पिंग संपलेलं असेल तर ‘परत येताना काय’ ही धाकधूक सगळ्या सुट्टीभर सोबतीला. आमच्या घरी शाळेत फ्रेंच शिकणारी मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि रत्नागिरीहून आलेले सासू-सासरे. सहा जणांची विमानाची तिकिटं पाहिली आणि लॅपटॉप मिटवला. मग मुलीनेच सांगितलं, “अगं आई, लुइझियानात बोलतात की फ्रेंच! आपण गाडीने जाऊ.”

ह्यूस्टनहून आय-टेन महामार्गाने पूर्वेला निघालं, की साडेतीन-चार तासांत लाफायेट येतं. बोमाँट, लेक चार्ल्स मागे पडलं आणि क्राउलीच्या आसपास दोन्ही हातांना भातखाचरं लागली. अमेरिकेत एवढी वर्षं राहून मी भाताचं शेत पाहिलं नव्हतं. एप्रिल महिना, खाचरं पाण्याने भरलेली आणि त्या पाण्यातून ओळीने तारेच्या जाळीची तोंडं वर आलेली. सासरे म्हणाले, “गाडी बाजूला घे.”

एक माणूस पत्र्याच्या सपाट होडीत बसून त्या ओळीने चालला होता. होडीला मागे लोखंडी चाक, ते चिखलावर फिरतं आणि होडीला पुढे ढकलतं. त्याने एक सापळा उचलला, आतले क्रॉफिश समोरच्या ताटावर ओतले, सापळ्यात नवं आमिष टाकलं, तो पाण्यात रोवला आणि पुढचा उचलला. होडी एकदाही थांबली नाही. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, शेवंडाच्या घडणीचा बोटाएवढा जीव. उन्हाळ्यात भात कापायचं, शरदात खाचरात पाणी सोडायचं, की मातीत बिळं करून बसलेल्या माद्या पिलांसकट वर येतात आणि हिवाळ्यापासून वसंतापर्यंत त्याच जमिनीतून दुसरं पीक निघतं. सासऱ्यांना गोव्याची खाजणं आठवली. पावसाळ्यात भात आणि पुढे त्याच बांधाआड मासळी. हजारो मैलांवर, कुणी कुणाला न सांगता, शेतकऱ्याने तोच हिशेब मांडावा याचं मला अजून नवल वाटतं.

या भागातले फ्रेंच बोलणारे लोक मूळचे इथले नाहीत. कॅनडाच्या किनाऱ्यावर, आजच्या नोव्हा स्कोशियाच्या भागात, अकेडिया नावाच्या वसाहतीत त्यांचे फ्रेंच पूर्वज शेती करायचे. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना गावंच्या गावं रिकामी करून जहाजांत घातलं. घराघरांची ताटातूट झाली, पुष्कळ माणसं वाटेत मेली. १७६५ मध्ये जोसेफ ब्रुसार या अकेडियन पुढाऱ्यासोबत एक मोठा जथा या दलदलीच्या मुलखात येऊन टेकला. पुढे नेपोलियनने १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला लुइझियानाचा अफाट प्रदेश अमेरिकेला विकला. झेंडा बदलला, तरी घरातली बोली फ्रेंचच राहिली. त्यांनाच आज केजन म्हणतात, आणि राज्याने १९७१ मध्ये त्यांच्या मुलखातल्या २२ परगण्यांना अकेडियाना असं अधिकृत नाव दिलं.

लाफायेटमध्ये व्हर्मिलियनव्हिल नावाचं जुनं गाव उभारून ठेवलं आहे. एका ओसरीवर पिकल्या केसांच्या बाई चरख्यावर सूत काढत बसल्या होत्या. सूत तपकिरी होतं. सासूबाई मुलीला म्हणाल्या, “विचार गं त्या आजींना, रंगवलंय का?” मुलीने अडखळत फ्रेंचमध्ये विचारलं. बाईंचा चरखा थांबला. नाही, हा कापूस बोंडातच असा उगवतो, त्यांनी सांगितलं आणि मुलीचा हात धरून कितीतरी वेळ बोलत राहिल्या. त्यांची फ्रेंच पुस्तकातली नव्हे. मुलीला अर्धीमुर्धी कळली, तरी बाईंनी इंग्रजीचा आधार घेतला नाही.

तिथल्या शाळेच्या खोलीत फळा आहे. शाळेत फ्रेंच बोलणार नाही, हे एकच वाक्य त्यावर इंग्रजीत पुन्हा पुन्हा लिहिलेलं. १९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानात शिक्षण इंग्रजीतूनच देण्याचं बंधन घातलं. घरून फक्त फ्रेंच घेऊन आलेली पोरं शाळेत आईची भाषा बोलली म्हणून मार खायची, हेच वाक्य शेकडो वेळा लिहायची. मोठी झाल्यावर त्यांनी आपल्या मुलांशी इंग्रजीच धरलं, कारण आपण सोसलं ते लेकरांनी सोसू नये. सासूबाई जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “शिक्षकाकडून असं करवून घेणं हे फार वाईट.” सुट्टीच्या दिवशी मुलांना मराठी शाळेत सोडणाऱ्या आम्हाला त्याहून वेगळं काही सुचलं नाही.

राज्याला जाग यायला १९६८ साल उजाडावं लागलं. फ्रेंच वाढवण्यासाठी कॉडोफिल ही सरकारी संस्था झाली, फ्रान्स, बेल्जियम, क्यूबेकहून शिक्षक आणले गेले, आणि आज काही शाळांत गणित-विज्ञानही फ्रेंचमधून शिकवतात. २०१८ मध्ये लुइझियानाला फ्रेंचभाषक देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत निरीक्षकाचं स्थान मिळालं. नातवंडं शिकताहेत, आजी-आजोबा बोलताहेत. मधली पिढी मात्र गप्प आहे.

खर्चाचं म्हणाल तर मुक्काम लाफायेटलाच करावा, न्यू ऑर्लिन्सच्या मानाने खोल्या स्वस्त पडतात. लाफायेट आणि युनिस इथली राष्ट्रीय उद्यान खात्याची अकेडियन केंद्रं फुकट आहेत. ब्रो ब्रिजजवळच्या लेक मार्टिनला नुसत्या रस्त्याच्या कडेने हिंडलं तरी सायप्रसची झाडं, त्यांवर लोंबणारं करडं शेवाळ, गुलाबी चमच्या पक्षी आणि उन्हाला पडलेल्या मगरी दिसतात. लहान पोरांचा हात तेवढा घट्ट धरा. पूर्वेला बॅटन रूजकडे जायचं कारण नसलं तरी अचाफलाया दलदलीवरचा १८ मैलांचा पूल एकदा ओलांडून यावा. खाली फक्त पाणी आणि झाडं.

क्रॉफिश वजनावर मिळतो, कणीस आणि बटाट्यासोबत तिखटात उकडलेला. मोसमाच्या सुरुवातीला महाग, मार्चनंतर आवाक्यात. शेपटी पिळून वेगळी करायची, कवच सोलायचं, खायचं. मासे खाणाऱ्या कोकण्याला शिकवावं लागत नाही. शाकाहाऱ्यांचे मात्र हाल आहेत, कारण घेवड्याच्या आमटीतही सॉसेज असतं. कुकर सोबत न्यावा. तांदूळ तिथल्याच शेतातला मिळेल.

जाणार असाल तर मार्च-एप्रिलमधला शनिवार धरा. युनिसच्या भागात सकाळपासून ॲकॉर्डियन, फिडल आणि गवत ओढायच्या दाताळ्याच्या जुन्या दातांपासून केलेला त्रिकोण वाजत असतो आणि गाणी फ्रेंचमध्ये चालतात. एप्रिलअखेर लाफायेटचा आंतरराष्ट्रीय महोत्सव असतो. तो पाहायला पैसे पडत नाहीत, पण खोली काही महिने आधीच धरून ठेवा. आणि मुलांना थोडीफार फ्रेंच येत असेल, तर एखाद्या वयस्कर माणसाशी ती बोलायला लावा. घरात केवळ फ्रेंच ऐकून वाढलेली ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. बेत पुढच्या वर्षावर ढकलू नका.