कालव्याचं अस्तर

जायकवाडीचा डावा कालवा आमच्या पाथरी तालुक्यातून जातो. आवर्तनाचं पाणी कमी आलं की माणसं काठावर उभी राहून भांडायची. पाटकरी एकच म्हणायचा, "कालवा कोरडा पडू द्या, मग दिसंल अस्तर कुठं फुटलंय ते."

आम्हा हृदयाच्या डॉक्टरांची अँजिओग्राफी म्हणजे तसंच काठावरून बघणं. डाय सोडायचा, त्याची सावली पडद्यावर पाहायची. पाणी कुठं अडलं ते कळतं. भिंतीचं फारसं नाही. वर्षानुवर्षं मी तेवढ्यावरच स्टेंट टाकले. ओसीटी, म्हणजे धमनी आतून प्रकाशाने बघायचं तंत्र, हाती आली आणि 'झकास बसला' म्हणून ज्यावर समाधान मानलं असतं, असा एक स्टेंट आतून पाहिला. कॅल्शियमच्या कड्यात अडकून तो अर्धवटच उघडला होता. मोठा बलून फुगवून तो सरळ केला खरा. पण आधीचे असे किती राहिले असतील, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

१९९१ साली ओसीटीचा पहिला निबंध आला, त्यात डोळ्याच्या पडद्याबरोबर हृदयाच्या धमनीचंही चित्र होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ओसीटी आधी उचलली. धमनीसाठी मिलिमीटरहून बारीक नळी, टोकाशी अवरक्त प्रकाश. रक्त मध्ये आलं की तो आंधळा. म्हणून डाय जोरात सोडून दोन-तीन सेकंद रक्त बाजूला सारायचं आणि तेवढ्यात प्रकाश मागे खेचायचा. आमचा कालवा कोरडा पडतो तो एवढाच वेळ. पण त्यात १०-२० मायक्रॉनपर्यंतचं दिसतं. ध्वनिलहरींवर चालणारी आयव्हस जास्त खोल बघते, इतकं बारीक नाही.

सोनपेठकडचा एक तरणा शेतकरी, तंबाखूची सवय. ग्रामीण रुग्णालयात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आला. छातीतली कळ थांबलेली. अँजिओत पुढच्या धमनीत एक धूसर डाग. हात सवयीने स्टेंटकडे गेला. ओसीटीत पाहिलं तर भिंतीतल्या चरबीच्या थरावरचं आवरण शाबूत, त्यावर चिकटलेली थोडी गुठळी. फुटलेलं काहीच नव्हतं, नुसतं खरचटल्यासारखं. आम्ही त्याला इरोजन म्हणतो. वाट बरीच मोकळी, रक्त नीट वाहत होतं. चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना स्टेंटशिवाय, नुसत्या गोळ्यांवर ठेवून पाहिलंय, अभ्यास छोटाच. मी स्टेंट न टाकता परत ठेवून दिला. टाकण्यापेक्षा ते अवघड गेलं.

बाहेर त्याचे वडील उभे होते. "स्प्रिंग टाकली का, साहेब?"

"नाही. गरज नव्हती. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत. आणि तंबाखू बंद."

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सीडी द्या. नांदेडला दाखवून येतो."

दिली. ओसीटीची चित्रंही त्यात टाकून दिली.