सेल्फचं वय

वॉरंटी संपली की गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मेलाच पाहिजे, अशा बेताने कंपन्या तो बनवतात, असं माझं मत होतं. मत कसलं, श्रद्धाच. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ती इतक्या तावातावाने मांडायचे की सकाळी कुणाची गाडी 'टक्' करून गप्प बसली, की माणसं मेकॅनिकच्या आधी मला कळवायची. मी लगेच माझं जुनं बिल काढून दाखवायचे. ते मी जपून ठेवलं होतं. लग्नाचा अल्बम कुठे आहे ते मात्र शोधावं लागेल.

आता ते मत राहिलेलं नाही. राग आहे, पण त्याचा पत्ता बदलला आहे. हे लिहायला हवं, कारण माझ्या भरवशावर आमच्या इमारतीतल्या काहींनी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जोरदार भांडणं केली आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट. क्लिनिक नाही, पेशंटच्या घरी जाते. कोथरूडच्या एक आजी, मग कर्वेनगरला अर्धांगाचा झटका आलेले एक काका, तिथून वारज्याला खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक बाई, दुपारनंतर सिंहगड रोड. दोन घरांमध्ये कधी दोन किलोमीटर, कधी तेवढंही नाही. अधूनमधून औषधाचं दुकान, एटीएम, मुलीचा क्लास. सेल्फ पहिल्यांदा गेला तेव्हा मीटरवर चाळीस हजारही झाले नव्हते आणि वॉरंटी नुकतीच संपली होती. सर्व्हिस सेंटरने 'स्टार्टर असेंब्ली रिप्लेस' असं लिहून पाच आकडी रक्कम पुढे ठेवली. जुना पार्ट बघायला मागितला, तर खोक्यातून कुठला तरी काढून दाखवला. माझाच होता का, देव जाणे.

माझ्या दिरांकडे हेच मॉडेल आहे, आगेमागे घेतलेलं. त्यांचं काम सोलापूरला. पहाटे निघायचं, चहाला एकदा थांबायचं, की सोलापूर. त्यांच्या गाडीने दीड लाख किलोमीटर ओलांडले, सेल्फ मात्र कारखान्यातून आला तोच. "वहिनी, तुमच्या वाट्याला खराब लॉट आला," असं ते म्हणायचे आणि मला ते पटायचं. खराब माल, लबाड कंपनी, नाडलेलं गिऱ्हाईक, सगळं कसं नीट बसत होतं.

काही वर्षांनी नवा सेल्फही तसाच अडला, तोही एका पेशंटच्या फाटकासमोर. धक्का मारायला पुण्यात माणसं मिळतात, फक्त आधी त्यांचा सल्ला ऐकून घ्यावा लागतो. या वेळी ते बिल पुन्हा भरायची माझी तयारी नव्हती, म्हणून दिरांनी सांगितलेल्या नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. विश्वासाने नाही, त्राग्याने. बोळातलं दुकान, बाहेर आर्मेचरचा ढीग, आत ग्रीस लावलेलं कॅलेंडर. खरं सांगायचं तर अशा दुकानांना मी तोवर 'जुगाडवाले' म्हणत आले होते.

त्यांनी गाडीखाली जाऊन सेल्फ उतरवला आणि विचारलं, "मॅडम, दिवसातनं चावी किती वेळा मारता?"

मी किलोमीटर सांगितले.

"किलोमीटर इंजिनाचे झाले. सेल्फला त्याचं काय? इंजिन लागलं की तो झोपला. सोलापूरला जा नाहीतर दिल्लीला, त्याचं काम एकदाच."

मी मनातल्या मनात मोजायला लागले आणि मध्येच थांबले. प्रत्येक पेशंटकडे जाताना एकदा, मध्ये दुकानं, सिग्नलला पेट्रोल वाचवायला बंद केलेलं इंजिन. दीर आठवड्यात जेवढ्या वेळा चावी फिरवतात तेवढ्या वेळा मी एका दिवसात फिरवते. किलोमीटरच्या हिशोबात माझी गाडी तरुण होती आणि त्यांची म्हातारी. सेल्फच्या हिशोबात नेमकं उलटं. पुढे जाऊन तर हसूच आलं, कारण हीच चूक मी रोज दुसऱ्यांची दुरुस्त करते. "माझा गुडघा साठीतच कसा गेला, थोरल्या भावाचा तर ठणठणीत आहे," असं पेशंट विचारतात, तेव्हा मी वय सोडून देते आणि विचारते, जिने किती चढलात, वजन किती उचललंत.

तरी लगेच हार मानली असं नाही. "म्हणजे शहरात गाडी वापरणं हा गुन्हा का?" असं मी विचारलंच. त्यांनी उत्तर दिलं नाही. सोलेनॉइडच्या टोपणाचे टाके सोल्डरिंग आयर्नने सोडवले आणि आतली तांब्याची चकती माझ्या हातावर ठेवली. काळी पडलेली, एका बाजूने खाल्लेली.

ही चकतीच सगळी गोष्ट आहे. आपण चावी फिरवतो तेव्हा चावीतून थोडासाच करंट सोलेनॉइडला जातो. त्यातला दांडा ओढला जातो, तो एका काट्याने बेंडिक्सचं छोटं चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो, आणि दांड्याच्या टोकाची ही चकती दोन जाड तांब्याच्या बोल्टांवर जाऊन आदळते. तेव्हा कुठे बॅटरीचा खरा करंट मोटरला मिळतो, साध्या गाडीतही शंभर-दोनशे अँपिअरच्या घरातला. चकती टेकताना ठिणगी, सुटताना ठिणगी. दर खेपेला तांब्याचा कण जळतो. शेवटी दांडा आदळतो, पण तांबं तांब्याला भेटत नाही. तोच तो 'टक्'. मोटर धडधाकट असते. तिच्यापर्यंत वीजच पोचत नाही.

नंतर मी याच्या मुळाशी गेले, कारण एवढी मोठी ताकद एवढ्याशा डब्यातून येते कशी, हे कळेना. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने हे जमवलं आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये ते बसलं. त्याआधी तो डेटनच्या कॅश रजिस्टरच्या कंपनीत होता आणि गल्ल्याचा खण उघडणारी छोटी विजेची मोटर त्याने तिथे बसवली होती. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल, असं जाणकार म्हणत. केटरिंगने ओळखलं होतं की मोटर काही क्षणच चालवायची असेल, तर तिच्याकडून झेपेल त्याच्या कितीतरी पट काम करून घेता येतं. म्हणजे सेल्फ जन्मापासूनच ओव्हरलोडवर चालतो. काही सेकंद राबायचं आणि थंड व्हायचं, या अटीवर. आपण अडलेल्या गाडीला सलग अर्धा मिनिट सेल्फ मारतो तेव्हा ती अट मोडतो.

सेल्फच्या आधी इंजिन फिरवायला हँडल होतं. आमच्या अभ्यासक्रमात मनगटाच्या एका मोडीचं नाव 'शोफर्स फ्रॅक्चर' असं होतं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि हा शोफर कोण याचा कधी विचार केला नाही. इंजिन उलटं फिरलं की हँडल झटका देऊन गाडीवाल्याचं मनगट मोडायचं, तो हा. हे कळल्यावर सेल्फबद्दल मला थोडी माया वाटू लागली, हे कबूल करते.

बॅटरीचं प्रकरण जास्त बोचलं. थकलेली बॅटरी मी 'अजून चालतेय की' म्हणून रेटत होते. बॅटरी अशक्त असली की सोलेनॉइड दांडा धरून ठेवू शकत नाही. चकती आदळते, सुटते, पुन्हा आदळते, आणि 'टकटकटकटक' असा आवाज येतो. प्रत्येक सुटण्याला ठिणगी. म्हणजे बॅटरीचे पैसे वाचवत मी सेल्फ जाळत होते. इंजिनापासून चासीला जाणारी अर्थची पट्टीही गंजलेली निघाली. गंज असला की वाटेतच व्होल्ट गळतात आणि सेल्फ उपाशी राहतो. मीटर लावून सेल्फ मारताना त्या पट्टीवर अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसलं, तर आधी तिच्याकडे बघायचं. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये ती झाली होती का, हे माझ्या पाच आकडी बिलावर कुठेच नव्हतं.

इलेक्ट्रिशियननी नवी चकती आणि बोल्ट टाकले, कार्बन बदलले, बुश बदललं. पैसे माझ्या दोन व्हिजिटच्या फीइतके. सेल्फ आजही तोच आहे.

आता राग कुठे गेला ते सांगते. सेल्फ झिजतो याबद्दल माझी तक्रार उरलेली नाही. ब्रेक पॅड झिजतात तेव्हा कोण भांडतं? पण ब्रेक पॅड दुकानात मिळतात. सर्व्हिस सेंटरला मी ही चकती मागितली, तर सल्लागाराने कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. त्यांच्या यादीत स्टार्टर ही अख्खी वस्तू होती, तिच्या पोटात काही नव्हतंच. त्या मुलाचंही बरोबर आहे. त्याला संध्याकाळी गाडी द्यायची असते, वर गॅरंटी द्यायची असते, आणि मेकॅनिकचा तास महाग असतो. पण यादी त्याने बनवलेली नाही. जी वस्तू झिजणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, ती सुटी न विकणं हा निर्णय आहे, आणि माझं भांडण आता तिथे आहे.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे याच स्वरूपाची तक्रार केली होती. कंपन्या अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, अशी. २०१४मध्ये आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मग अर्थातच अपिलं झाली. २०२२च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. तिथे जाऊनही मला माझी चकती काही सापडली नाही, पण निदान दुरुस्तीच्या हक्काची भाषा सरकारी कागदावर आली आहे.

आणि वॉरंटी. ती वर्षांत आणि किलोमीटरमध्ये लिहिलेली असते, म्हणजे दिरांची गाडी डोळ्यांसमोर ठेवून. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना जास्त दणकट सेल्फ बसवतात. म्हणजे मोजायचं काय, हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. चावीचे फेरे मोजणं गाडीतल्या संगणकाला अवघड नसावं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लोकांना माझा जुना अवतार जास्त आवडत होता. त्यातच, मानेचे व्यायाम मला विचारायला येणाऱ्या बी विंगमधल्या एका गृहस्थांची गाडी अडली. मी नव्या ज्ञानाच्या जोरावर सांगितलं, असेंब्ली अजिबात बदलू नका, अर्थची पट्टी घासा, बॅटरी बघा. त्यांनी पट्टी घासली, बॅटरी बदलली, चकतीही टाकून घेतली. मग कळलं की मोटरचं आर्मेचरच जळालं होतं. अख्खा सेल्फ घ्यावा लागला, शिवाय आधीचा खर्च वर. त्यांची मान अजून आखडते, पण व्यायाम विचारायला ते आता दुसऱ्या फिजिओकडे जातात.