छाटणीच्या दिवसांत नवा फोन

१० ऑक्टोबर २०२४, तासगाव

वरच्या द्राक्षबागेची छाटणी काल संपली, आज काड्यांना पेस्ट. सल्लागारांना काड्यांचे फोटो पाठवावेत म्हणून फोन काढला, तर जागाच शिल्लक नाही. रेडमी नोट १०, ६४ जीबीचा. २०२१ साली आला तेव्हा बारा हजारांना एक रुपया कमी. त्यातली निम्मी जागा सुप्रभातवाल्यांनी आणि द्राक्षभावाच्या ग्रुपांनी खाल्लेली. मुलीने पुण्याहून निकालच दिला, "बाबा, दसऱ्याला नवा घ्यायचा. आणि या वेळी स्वस्तातला नाही." मॉडेलही तिनेच ठरवलं, गॅलेक्सी एस २४.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी अवजारांची पूजा झाली. कात्र्या, ब्लोअर, ट्रॅक्टर यांच्या ओळीत हिने जुन्या फोनलाही कुंकू लावलं. संध्याकाळी सांगलीहून नवा आला. खोकं एवढंसं. आत फोन, केबल आणि सिमची पिन. चार्जर नाही. जुन्याबरोबर ३३ वॉटचा चार्जर खोक्यातच होता. याला वेगळा घ्यायचा, आणि घेऊन तरी तो २५ वॉटच ओढणार. बॅटरी ४०००ची, जुन्याची ५०००ची. हेडफोनचं भोक नाही. मेमरी कार्डाला जागा नाही, म्हणजे कार्डातले बागेचे सगळे जुने फोटो आधी उतरवून घेणं आलं. टीव्हीचा रिमोट हरवल्यापासून आम्ही जुन्या फोनच्या इन्फ्रारेडवर चॅनेल बदलत होतो, तेही यात नाही.

"अहो, महाग घेतलं की कमी मिळतं का?" ही म्हणाली. मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत बसलो.

१३ ऑक्टोबर

दिवस पासवर्डांत गेला. फोटो, नंबर, निरोप केबल लावून आपोआप आले. पैशाचं तसं नाही. यूपीआय नव्या हँडसेटवर नव्याने जोडावं लागतं. सिममधून बँकेला एसएमएस जातो, तो जुळला की खातं दिसतं. जुळलं. मग मुकादमाला टोळीचे पैसे पाठवायला गेलो, तर नव्या फोनवर पहिले चोवीस तास पाच हजारांच्या वर रक्कम जात नाही. नियम रास्त आहे. कोणी सिम पळवून दुसऱ्या फोनात घातलं, तर खातं एका झटक्यात रिकामं होऊ नये. पण टोळी टेंपोत बसून वाट बघत होती. हिच्या डब्यातून काढले, उरलेले चुलतभावाकडून आणले.

मुकादम नोटा मोजत म्हणाला, "मालक, एवढा भारी फोन आन् पैसं डाळीच्या डब्यातनं?"

१८ ऑक्टोबर

रात्री पाऊस, सकाळी पुन्हा कडक ऊन. बांधावर उभं राहून हवामानाचा अंदाज वाचला. हाताची सावली न करता वाचता आला, हे लिहून ठेवण्यासारखं. याच्या पडद्याची उजेडाची कमाल २६०० निट्स, जुन्याची ११०० होती. सवलतीच्या जाहिरातीत हा आकडा वाचून हसलो होतो. बागायतदाराला तो कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलांपेक्षा जास्त कामाचा आहे.

बॅटरी मात्र संध्याकाळच्या चहाला धापा टाकते.

२४ ऑक्टोबर

फुटी चार-पाच पानांवर आल्या आहेत आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे सकाळचं दव उशिरापर्यंत हटत नाही, तिथे डाऊनी बुरशीचा संशय आला. पानावर फिकट पिवळा तेलकट डाग. पान उलटलं, तर बरोबर त्याच जागी पांढरी लव. जुन्या फोनात मॅक्रो कॅमेरा होता, दोन मेगापिक्सेलचा, नावापुरता. तो पानाशी नेला की फोनचीच सावली डागावर. फोटो पाठवला की सल्लागारांचं उत्तर ठरलेलं, "जरा स्पष्ट पाठवा." नव्यात मॅक्रो वेगळा नाहीच, आणि फोन पानाला भिडवला तर धूसर. मुलीने सांगितलं होतं तसा हातभर मागे सरलो आणि तीनपट झूम केला. वारा होता, हात तर माझा वयाप्रमाणे हलतोच. या भिंगाला हात हलला तरी चित्र धरून ठेवणारी यंत्रणा आहे. जुन्याच्या मुख्य कॅमेऱ्यालाही ती नव्हती. बुरशी शिरांच्या मधल्या जागेत कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते घरी चष्मा लावून पाहिलं. बागेत डोळ्यांना तेवढं दिसलं नव्हतं.

उत्तर आलं, "डाऊनीच. उद्या सकाळी फवारणी घ्या."

२५ ऑक्टोबर

फवारणी केली. मुलगी म्हणते फोन पाण्याला भीत नाही, आयपी ६८ आहे. ते दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. बुरशीनाशक आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो हे गोडं पाणी नव्हे. फोन दुधाच्या पिशवीत घालून खिशात ठेवला, जुना ठेवत होतो तसाच.

२७ ऑक्टोबर

मुलीचं म्हणणं, महाग फोन शेवटी स्वस्तच पडतो, कारण कंपनीने सात वर्षं अपडेट कबूल केली आहेत. वहीत हिशेब मांडला. जानेवारीत तो बाजारात आला तेव्हाचा भाव ७९,९९९. सातांनी भागले तर वर्षाला साडेअकरा हजार. म्हणजे दर वर्षी जवळजवळ एक कोरा रेडमी नोट १०! जुना साडेतीन वर्षं चालला, तो वर्षाला साडेतीन हजारांच्या आत पडला. शिवाय सात वर्षं जानेवारीपासून मोजायची, त्यातले नऊ महिने माझ्या हातात यायच्या आधीच सरले. दसऱ्याची सवलत धरली तरी उत्तर फारसं बदलत नाही. हे तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग हौस म्हणा." म्हणतो. हौस आहे, उन्हात वाचता येतं, आणि डाऊनी एक दिवस आधी कळली. बचतीचं नाव त्याला देणार नाही.

२९ ऑक्टोबर

जुना फोन शेडमध्ये ठेवला आहे, हजेरी लिहायला आणि मजुरांना गाणी ऐकायला. रात्री बातम्यांच्या वेळी तो घरी आणावा लागतो, चॅनेल बदलायला. शेजारच्या बागेतल्या आबांनी किंमत विचारली. मी दहा हजार कमी सांगितले, तरी त्यांनी "आरं बापरे" केलं. नंतर हळूच म्हणाले, सकाळी येऊन आमच्याही चार पानांचे फोटो काढ.