नातवंडांच्या कळपात

एक तक्रार अलीकडे माझ्या दवाखान्यात वरचेवर ऐकू येते, आणि ती घेऊन येणारे बहुधा आजी किंवा आजोबा असतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कितीतरी घरांत आई-वडील सकाळची लोकल गाठण्यासाठी लवकर बाहेर पडतात, ते रात्री जेवणाच्या वेळीच परततात. मधला सारा दिवस, म्हणजे शाळेचा डबा, क्लासची वेळ, अंगात भरलेला ताप आणि नातवंडांची गुपिते, हे सगळे आजी-आजोबांच्या वाट्याला येते. रक्तदाब मोजून झाला की हळूच विषय निघतो, "डॉक्टर, आमची नात मोबाइलवर लांडगा झाली आहे. 'माझ्या पायातून रक्त येते आहे, मला गुहेत घेऊन चला,' असे काहीबाही कुणाला तरी लिहीत असते. डोक्यावर काही परिणाम तर झाला नसेल ना?"

आपल्याही घरात हा प्रश्न उपस्थित झाला असेल, तर आधी निश्चिंत व्हा. हा आजार नव्हे. हा लेखी खेळ आहे. दहा-वीस मुले-मुली इंटरनेटवर एक गट करतात. गट म्हणजे लांडग्यांचा कळप. प्रत्येकाने एक लांडगा निर्माण करायचा आणि त्याची गोष्ट तुकड्यातुकड्याने लिहायची. एकाने लिहायचे की बर्फ पडू लागला, दुसऱ्याने लिहायचे की माझा लांडगा शिकारीहून परतला नाही, तिसऱ्याने त्याला शोधायला निघायचे. याला ते 'रोलप्ले' म्हणतात. आपल्याला दचकायला होते, कारण आपल्या भाषेत लांडगा नेहमीच खलनायक ठरला आहे. 'लांडगा आला रे आला' ही हाक आणि 'लांडगेतोड' हा शब्द यांवर आपण वाढलो. मुलांच्या मनातला लांडगा मात्र मोगलीला वाढवणाऱ्या लांडग्यांच्या कुळातला आहे.

आणि हा खेळ फार नवीनही नाही. आपल्यापैकी काहीजण शाळेत 'कब' होते. बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये लहान मुलांसाठी ही शाखा सुरू केली, तेव्हा तिची सगळी रचना किप्लिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक'मधून उचलली. मुले म्हणजे लांडग्यांची पिल्ले, त्यांचा तो कळप, प्रमुखाचे नाव 'अकेला', आणि वर्तुळात बसून सर्वांनी मिळून दिलेली ती आरोळी! खाकी चड्डी घालून मैदानात आरोळ्या ठोकणाऱ्या आपल्या मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे तेव्हा कुणाच्या आईला वाटले नव्हते.

या गटांना नियम असतात, आणि ते मी माझ्या लहान रुग्णांकडून समजून घेतले. काही नियम तर फारच शहाणे वाटले. पहिला असा की, आपल्या लांडग्याने काय केले एवढेच आपण लिहायचे. त्याचा परिणाम दुसऱ्याच्या लांडग्यावर काय झाला, ते ज्याचे त्याने लिहायचे. 'मी झडप घातली' हे चालते. 'मी झडप घातली आणि तुझा पाय मोडला' हे चालत नाही. (एकत्र कुटुंबांत हा नियम कुणी पूर्वीच लावला असता, तर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या डोकेदुख्या कमी झाल्या असत्या.) दुसरा असा की, कोणाचाच लांडगा अजिंक्य असता कामा नये, आणि मालकाच्या संमतीवाचून कोणाचा लांडगा मारता येत नाही. तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लांडगा म्हणून बोलणे वेगळे आणि स्वतः म्हणून बोलणे वेगळे. स्वतःचे बोलणे कंसात टाकायचे. लांडगे भांडले म्हणून मुले भांडलेली नसतात. ज्यांनी रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण रंगवणारे दिलीप प्रभावळकर पाहिले आहेत, त्यांना हा कंस समजावून सांगायला नको.

गटात शिरण्यापूर्वी प्रत्येकाला आपल्या लांडग्याचा तक्ता भरून द्यावा लागतो. नाव, वय, कळपातले स्थान, रूप, स्वभाव, बलस्थाने, कमकुवत बाजू, पूर्वायुष्य. आपल्याशी माझे खरे बोलणे आहे ते या तक्त्याविषयी.

सातवीतली एक मुलगी आजीबरोबर माझ्याकडे यायची. (तपशील मी बदलले आहेत.) शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचे, रविवारी दुखायचे नाही. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, सारे व्यवस्थित. घर बदलल्यामुळे जूनपासून तिची शाळाही बदललेली. "शाळेत कुणी त्रास देते का?" या प्रश्नाला "नाही" हे एकच उत्तर. आजीने वैतागून मोबाइलचा विषय काढला, तेव्हा मी तिला तिच्या लांडग्याचे नाव विचारले. मुलगी प्रथमच माझ्याकडे पाहून बोलू लागली. तिने तक्ताच वाचून दाखवला. वय दीड वर्ष. स्थान ओमेगा, म्हणजे कळपातले सर्वांत खालचे. डावा कान फाटलेला. सर्वांचे खाऊन झाल्यावर एकटा खातो. पूर्वायुष्य: दुसऱ्या कळपातून आला, त्याच्या आवाजाला सगळे हसतात म्हणून तीन महिने बोललेला नाही.

आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दिवाळीपासून हिचा डबा भरलेलाच परत येतो. मला वाटले, माझ्या हातची चव गेली."

त्यांनी घरी जाऊन मुलीला 'तुला कोण हसते' असे विचारले नाही. लांडग्याला कोण हसत होते, एवढेच विचारले, आणि भाजी निवडत वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी उत्तर मिळाले. आई-वडील वर्गशिक्षिकांना भेटले. पोटदुखी एका दिवसात गेली नाही, महिना-दीड महिना लागला. पण डबा त्याआधीच रिकामा येऊ लागला होता. आजींचा वरचा रक्तदाब १६०च्या घरातून खाली आला, त्यात गोळीचा वाटा किती आणि रिकाम्या डब्याचा किती, हे मी सांगू शकणार नाही.

मात्र या गोष्टीवरून प्रत्येक फाटक्या कानाचा अर्थ लावत बसू नका. मुलांना जखमी लांडगे आवडतात, कारण जखमी लांडग्याभोवती गोष्ट घडते. पाच लांडगे लिहून पाचांनाही तेच दुःख, मित्रांत मिसळणे बंद, जेवणावरची वासना उडालेली, आवडीच्या गोष्टी सुटलेल्या, हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. आणि मूल कंसाबाहेर पडून, स्वतःच्या नावाने, नकोसे झाल्याची भाषा करू लागले तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी हालचाल करा आणि त्याला एकटे सोडू नका.

दुसरा त्रास झोपेचा. कल्याणचा नववीतला एक मुलगा वर्गात पेंगतो, डोके दुखते, म्हणून आजोबांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर होता तसाच होता. तो आपल्या कळपाचा प्रमुख होता आणि कळपातली बहुतेक मुले अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची. तिकडे शाळा सुटून दुपारचे चार वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचा दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेला असतो. त्यातून गटाचा नियम असा की, ठरावीक दिवसांत काही लिहिले नाही तर प्रमुखपद जाते. पोरगा पद राखण्यासाठी जागत होता. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, सहा ते बारा वर्षांच्यांना नऊ ते बारा तास. ही झोप औषधाने भरून निघत नाही. मोबाइल हिसकावून घेतला असता तर त्याने मित्राच्या मोबाइलवरून लिहिले असते. आम्ही नियमावलीच मागवली. बहुतेक गटांत गैरहजेरीची आगाऊ सूचना देण्याची सोय असते, तशी तिथेही होती. त्याचा लांडगा परीक्षा संपेपर्यंत दूरच्या दरीत गेला आणि मुलगा साडेदहाला झोपू लागला. परत आल्यावर त्याने प्रमुखपद दुसऱ्याला दिले. वेळ जुळत नाही, हे त्याचे त्यालाच उमगले होते.

आता ज्या भागात आपण खरोखर सावध असायला हवे, तो भाग. गटातला प्रत्येक 'लांडगा' मूलच असेल असे नाही. म्हणून नातवंडाला म्हणावे, "मला तुमचे नियम वाचून दाखव." मुलांना हे आवडते, मोबाइल तपासणे आवडत नाही. वाचताना कान कुठे टवकारावेत ते सांगतो. गटात वयाची अट आहे का आणि मोठी माणसे असतील तर ती मुलांपासून वेगळी ठेवली जातात का? खरे नाव, शाळा, स्टेशन, फोटो सांगण्यास बंदी आहे का? तक्रार ऐकणारा कोणी आहे का? आणि लांडग्यांच्या 'जोडीदारा'विषयी काय नियम आहेत? हा शेवटचा प्रश्न आजी-आजोबांना विचारायला संकोच वाटतो, पण धोका बहुधा त्याच वाटेने येतो. कुणी गोष्ट सोडून एकट्यात बोलायला बोलावले, फोटो मागितला, 'घरी सांगू नकोस' म्हटले, की खेळ तिथेच संपला. रागावू नका, मुलाने आपल्याला सांगितले हीच मोठी गोष्ट आहे. संभाषण पुसू नका, त्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, आई-वडिलांना त्याच दिवशी सांगा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

राहता राहिला तो 'अल्फा'. या खेळात सर्वांना अल्फा व्हायचे असते, म्हणजे बाकीच्यांना दाबून प्रमुख झालेला. या कल्पनेचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या अभ्यासात आहे. त्यांनी पाहिलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. अमेरिकेच्या डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती कल्पना घरोघर पोहोचवली. पुढे त्याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिले की, जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई, वडील आणि त्यांची पिल्ले, एवढेच असते. प्रमुख तो, जो बाप आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर लांडगे आहेत. त्यांचे कळपही असेच लहान, घरगुती.

यलोस्टोनची गोष्ट तर आपण नातवंडांना अवश्य सांगा. तिथे १९९५ मध्ये लांडगे पुन्हा आणून सोडले आणि दोन कळपांच्या झुंजींची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, संख्येने मोठा कळप जिंकण्याची शक्यता जास्त असते हे खरेच. परंतु ज्या कळपात सहा वर्षांवरचे म्हातारे लांडगे अधिक, त्याचे पारडे संख्या कमी असूनही जड होऊ शकते. सहा वर्षे म्हणजे लांडग्यांचे आपल्यासारखे वय.

माझ्या एका किशोरवयीन रुग्णाने सांगितले की, त्यांच्या गटात 'वडीलधारा' हे पद कित्येक महिने रिकामे आहे, कारण म्हातारा व्हायला कोणीच तयार नाही. तेव्हा आपणच एक तक्ता भरावा, असे मी सुचवतो. मोबाइलवर नको, गटातही नको. साध्या वहीत, नातवंडाला लिहायला सांगून. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांना हे सोयीचे पडते आणि संध्याकाळ बरी जाते.

ठाण्याच्या एका आजोबांनी असा लांडगा केला. वय नऊ. दात झिजलेले. मे महिन्यात पाणी कुठे असते ते त्याला ठाऊक. दुपारी उठवलेले खपत नाही. 'कमकुवत बाजू' या रकान्यात त्यांनी नातवाला लिहायला सांगितले, 'टेकडी चढताना छाती आवळून येते, मध्येच थांबावे लागते. कळपाला कळू नये म्हणून जमीन हुंगत असल्याचे सोंग करतो.' सुनेने रात्री वही चाळली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्याकडे आणले. स्टेशनच्या पुलावर जिन्याच्या मध्यावर ते रोज थांबत आणि इंडिकेटर वाचत असल्याचे दाखवत, असे विचारल्यावर कळले. ईसीजी काढला, हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले, हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. आता ते पूल एका दमात चढतात. वहीतला तो रकाना खोडून टाकायला त्यांनी नातवाला सांगितले होते, परंतु नातू ऐकायला तयार नाही. मालकाच्या संमतीवाचून लांडग्याला बरे करता येते की नाही, याविषयी त्यांच्या नियमात काही लिहिलेले नाही, असे तो म्हणतो.