बांधावरच्या बाभूळआजीस

तीर्थरूप बाभूळआजीस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, तुझ्यावाचून शिवाराचं बरं चाललेलं नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 2025 च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात असा पाऊस कोसळला की उभं सोयाबीन सडलं, बांध फुटले, रानं खरवडून निघाली. दहा वर्षांच्या आत दोन्ही पाहिलं, आजी. आता एकट्या सोयाबीनवर घर कसं चालावं?

तू होतीस तेव्हा कुणी एका पिकावर विसंबत नसे. ज्वारीत तुरीच्या ओळी असत. कडबा बैलांना, तुरीचं भुसकट शेळ्यांना. चैत्र-वैशाखात रानात हिरवी काडी उरत नसे, नेमक्या त्याच दिवसांत तू शेंगा टाकायचीस. त्या शेंगांवर उस्मानाबादी शेळ्या उन्हाळा काढायच्या, बहुधा जुळी करडं द्यायच्या, आणि त्यांचं लेंडीखत परत रानात जायचं. तिफण तुझ्या लाकडाची, गाडीची चाकं तुझ्या लाकडाची. बाळंतिणीच्या लाडवातला डिंकही तुझाच. पाऊस फिरला तर पीक जायचं, पण अडल्या वेळी बाजारात न्यायला दावणीला एखादं जनावर असायचं. हे सगळं जुळवून ठेवणारी तू होतीस. त्याबद्दल तुझे आभार कुणी मानले नाहीत, ते आज मानतो.

आता तक्रारीचं. वाटण्या झाल्या, दोन्हीकडून बांध कोरला गेला आणि तुला उभं राहायला जागा उरली नाही. ट्रॅक्टर आला, बैल विकले, औताचं लाकूड कुणाला नको झालं. तू वीटभट्टीत गेलीस. मागोमाग शेळ्या गेल्या, कारण उन्हाळ्यात त्यांना घालायचं काय? लेंडीखत गेलं, तेव्हा खताची गोणी उधारीवर आली. एक बाभूळ तोडली की इतकं सुटत जातं, हे तोडताना कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आता हरभऱ्यावर घाटेअळी पडली की शेतात पक्षीथांबे उभारायला सांगतात. कोतवाल पक्षी पूर्वी तुझ्याच शेंड्यावर बसून अळ्या टिपायचा.

तुझंही थोडं चुकलंच, आजी. तुझ्या सावलीतली पिकाची दोन-चार तासं बारीक राहायची, काटे अनवाणी पायांत मोडायचे. ज्याच्याकडे दोनच एकर, त्याला ती दोन तासंही जड जातात. त्याला दोष देऊ नकोस.

म्हणून विनंती अशी की, तुझी रामकाठी नात आमच्याकडे धाड. तिच्या फांद्या पसरत नाहीत, सरळ वर जातात. पिकावर सावली थोडी पडते. छत्तीसगडातले शेतकरी भातखाचरांच्या बांधांवर बाभळी राखतात, फांद्या छाटत राहतात. तसं आम्हीही करू. भारताने 2014 मध्ये राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण आणलं, म्हणजे कागदावर तुला जागा आहे. बांधावर ती भावाभावांनीच द्यायची आहे. निदान तीन हात बांध कुणी कोरू नये, एवढं मी दारोदार जाऊन सांगेन.

शेळ्यांच्या पोटातून आलेलं तुझं बी चांगलं रुजतं. या उन्हाळ्यात ते, जिथे अजून शेळ्या उरल्या आहेत, त्या गोठ्यांतून वेचून ठेवतो आणि मृगाच्या पावसावर टोकतो. रोपं शेळ्यांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत रोपांना काट्यांचं कुंपण राहील.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
शिवारातला एक नातू